छतावरचा दुसरा रस्ता

आमच्या वॉर्डातल्या मुलांनी तिचं नाव शिडीताई ठेवलं, कारण ती येण्याआधी तिची शिडी यायची. दारातून आधी ॲल्युमिनियमची दोन टोकं आत शिरायची, मग एकेक करत सहा पायऱ्या, आणि सगळ्यात शेवटी, तोंडात दोन स्क्रू धरलेली, उंचीनं बेताची अशी ती. रुग्णालयातल्या संगणकांना एकमेकांशी बोलतं ठेवणाऱ्या साऱ्या तारा आणि पेट्या ती एकटी सांभाळायची.

मी निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि घरी बसून दोन महिन्यांत कंटाळले. तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार या मुलांच्या वॉर्डात शिकवायला येते. मुलं मला बाईआजी म्हणतात. नुसतं बाई म्हणावं तर केस पांढरे, नुसतं आजी म्हणावं तर मी गृहपाठ देते.

शिडीताई मला पहिल्यांदा आवडली ती तिच्या पट्ट्यांमुळे. प्रत्येक तारेवर ती पांढरी चिकटपट्टी लावायची, आणि त्यावर तार कुठे जाते एवढंच नाही, तर अशी का लावली तेही लिहायची. 'खेळण्यांच्या कपाटामागून नेली, कारण पलंग सरकवताना चाकाखाली यायची.' अक्षर बारीक पण सुटं. 'कारण लिहा, कारण लिहा' म्हणून आयुष्यभर मुलांच्या मागे लागलेली मी. कुणी न सांगता कारण लिहिणारी ही मुलगी पाहिली आणि तिथल्या तिथे तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटले.

आमच्या रुग्णालयाच्या दोन इमारती. जुन्या इमारतीत कचेरी, औषधांचं भांडार आणि बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन. रस्त्यापलीकडे मुलांची इमारत. दोन्हींना जोडणारी एकच जाड केबल रस्त्याखालून गेलेली. कुठल्या पलंगाला कुठलं औषध, हे त्या केबलमधून यायचं. वॉर्डातल्या मोठ्या स्क्रीनवर मुलांना आपापल्या शाळेचा वर्ग दिसायचा, तोही तिच्यातूनच. मोबाइलचा उपयोग नव्हता. खालच्या मजल्यावर एक्स-रेची खोली, भिंती जाडजूड. वॉर्डात रेंज म्हणून कधी यायची नाही.

आणि त्याच महिन्यात पाण्याचा नळ बदलायला कुणीतरी तो रस्ता खणायला घेतला. मुकादमाला विचारलं, आमच्या केबलला धक्का लागणार नाही ना? तो म्हणाला, "लागणार नाही असं काही मी म्हणत नाही."

सगळ्यात जास्त काळजीत होती सात नंबरच्या पलंगावरची वकीलबाई. वय वर्षं दहा, इयत्ता पाचवी, उजवा पाय कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, चौथा महिना. प्रत्येक गोष्टीत नियम काय आहे ते विचारणार आणि मग त्या नियमावरूनच भांडणार, म्हणून हे नाव. तिच्या शाळेनं पत्र दिलं होतं: लेखी झाली, तोंडी परीक्षा गुरुवारी अकरा वाजता स्क्रीनवरून घेऊ, शुक्रवारपासून शाळेला सुट्टी, ती चुकली तर पाचवी पुन्हा. ते पत्र तिच्या उशीखाली असायचं.

"बाईआजी, केबल तुटली तर ती माझी चूक धरतील का?" तिनं मला विचारलं.

"नाही गं."

"पण वर्ष माझं जाणार ना? मग चूक कुणाची का असेना."

यावर उत्तर शिडीताईनं आधीच शोधून ठेवलं होतं. दोन्ही इमारतींच्या छतांवर तिनं एकेक पांढरी तबकडी बसवली होती, समोरासमोर. हवेतून जाणारा दुसरा रस्ता. केबल तुटली की सगळी ये-जा छतावरून चालू व्हावी, अशी योजना. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी तिनं तो रस्ता जोडला. अर्धं मिनिट सगळं छान होतं. मग वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या कपाटात जी तारांची पेटी आहे, तिचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकू लागले. औषधांची यादी गोठली. मुलांचा वर्ग गोठला. जुन्या इमारतीतही तेच. शिडीताई तेव्हा पलीकडच्या छतावर होती आणि तिचा लॅपटॉप कुठल्याच पेटीपर्यंत पोचेना. ती जिने उतरली, रस्ता ओलांडला, एकेक तार तपासत आली आणि शेवटी छतावरून आलेली तार उपसली, तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

कुणाला काही इजा झाली नाही. पण त्या चाळीस मिनिटांत आमचे व्यवस्थापक, पंचावन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे, हातात औषधांचे कागद घेऊन दोन इमारतींमध्ये स्वतः पळत होते. मुलं त्यांना नकोबा म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी पहिला शब्द 'नको'. त्यांनी त्या दिवशी फर्मान काढलं: छतावरचा रस्ता बंद, तबकड्या काढून टाका.

कपाटात एक नोंदवही टांगलेली असते. त्यात शिडीताईनं त्याच संध्याकाळी लिहिलेलं मी सोमवारी वाचलं. 'दोन्ही इमारतींचं नेटवर्क चाळीस मिनिटं बंद. कुणामुळे: माझ्यामुळे. का: अजून कळलेलं नाही.' त्या शेवटच्या तीन शब्दांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. एवढं सरळ वाक्य मोठी माणसं सहसा लिहीत नाहीत.

सोमवारी मुलांनी मला घेरलं. ज्याचा आवाज ऐकू येत नाही असा एकही तास जात नाही, तो चार नंबरचा भोंगा म्हणाला, "बाईआजी, एक रस्ता होता तेव्हा चालत होतं. दोन झाले तर बंद पडलं. हे उलटं नाही का?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नसेल तर विचारावं, ही माझी जुनी सवय. शिडीताई तेव्हा शिडीवर चढून आमच्या स्क्रीनची तार नीट करत होती. तिनं स्क्रू न काढता, दातांमधूनच समजावलं, आणि मला एकदम सुचलं की हे खेळून बघता येईल.

खेळ असा. खिडकीजवळच्या टेबलाशी मी, म्हणजे जुन्या इमारतीतली मोठी पेटी. पलंगावर भोंगा, म्हणजे इकडची पेटी. आमच्या दोघांच्या मधे चिठ्ठ्यांची ने-आण करणार रिक्षा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला मुलगा. तो झाला केबल. आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूनं वकीलबाई. पलंगावरून खाली पडलेल्या वस्तू उचलायला तिच्याकडे चिमटा लावलेली लांब पट्टी होती. त्या पट्टीनं ती माझ्याकडून चिठ्ठी घेणार आणि भोंग्याला देणार. ती झाली छतावरचा रस्ता. बाकीची मुलं संगणक.

पेटीचा नियम शिडीताईनं सांगितला: चिठ्ठीवर 'सर्वांना' लिहिलेलं असेल, तर ज्या दारातून आली ते सोडून बाकी सगळ्या दारांतून तिची नक्कल पाठवायची.

मी पांढऱ्या कागदावर लिहिलं, 'सर्वांना: जेवण आलं', आणि एक नक्कल रिक्षाला, एक वकीलबाईला दिली. रिक्षाची चिठ्ठी भोंग्याकडे पोचली. त्यानं ती ओरडून सगळ्या पलंगांना वाचून दाखवली आणि नियमाप्रमाणे वकीलबाईकडे सरकवली. वकीलबाईची त्याच्याकडे पोचली. त्यानं पुन्हा ओरडून वाचली आणि रिक्षाकडे दिली. दोन्ही फिरून माझ्याकडे आल्या. मीही नियमाची बांधलेली. पुन्हा पुढे ढकलल्या. जेवण आलं, जेवण आलं, जेवण आलं. चौथ्या फेरीला एक मुलगी हसून हसून उशीत तोंड खुपसून बसली.

"आता मध्येच औषधाची चिठ्ठी टाका," शिडीताई वरून म्हणाली.

टाकली. पण रिक्षाच्या मांडीवर इतक्या चिठ्ठ्या साचल्या होत्या की ती त्याच्या हाताला लागेचना.

"कळलं," भोंगा म्हणाला. "रस्ते बंद नाही पडले. जेवण यायचं थांबेना म्हणून औषध अडकलं."

इतकं नेमकं मला पाठ्यपुस्तकातही सापडलं नसतं.

"पण ताई, हे तुला आधी माहीत नव्हतं?" वकीलबाईनं विचारलं. लेकीला भीड म्हणून नाही.

"माहीत होतं. म्हणून तर पेट्यांना मी आणखी एक नियम शिकवला होता. तो का चालला नाही, तेच कळत नाहीये."

तो नियमही आम्ही खेळात घेतला, आणि मी तो फळ्यावर लिहिला. मोठ्या पेटीनं दर थोड्या वेळानं प्रत्येक दारातून एक हिरवी चिठ्ठी पाठवायची: 'मी मोठी पेटी, मी इथे आहे.' हिरवी चिठ्ठी एका पेटीनं शेजारच्या पेटीला द्यायची. तिनं वाचून ठेवायची, तीच चिठ्ठी पुढे ढकलायची नाही. भोंग्याला हिरव्या चिठ्ठ्या दोन दारांतून यायला लागल्या, तर त्यानं ओळखायचं की दोन्ही रस्ते एकाच घरी जातात. मग चांगला रस्ता, म्हणजे केबल, उघडा ठेवायचा आणि दुसऱ्या दारावर हात ठेवायचा. केबलमधून हिरव्या चिठ्ठ्या यायच्या थांबल्या, की हात काढायचा. तार कुणी जोडायची नाही, सोडायची नाही. पेट्या आपसात ठरवतात. मला तर ही युक्ती इतकी आवडली की मी दोनदा वाचून काढली.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी पाच मोजायची आणि दोन हिरव्या चिठ्ठ्या सोडायची. पण थोड्याच वेळात पुन्हा जेवण आलं, जेवण आलं सुरू.

"अरे, दारावर हात ठेव ना!" मी भोंग्याला म्हटलं.

"कशाला ठेवू? मला हिरव्या एकाच दारातून येतायत. रिक्षाच्या. हिच्याकडून एकही नाही!"

सगळ्यांनी वकीलबाईकडे पाहिलं. मी उठून तिच्या पलंगाशी गेले. तिच्या पांघरुणाखाली अकरा हिरव्या चिठ्ठ्या नीट एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

"अगं, या पुढे का नाही दिल्यास?"

"पुढे ढकलायची नाही, वाचून ठेवायची. तुम्हीच फळ्यावर लिहिलंय."

"तो पेट्यांसाठी नियम. तू पेटी नाहीस, तू हवा आहेस."

"मी हवा?" तिचा आवाज चढला. "मी एकीकडून घेते, दुसरीकडे देते. भोंगा काय वेगळं करतो? तो पेटी आणि मी हवा? तो नुसता बसलाय, हात माझा दुखतोय!"

शिडीवरून दोन स्क्रू खाली पडले. टण, टण. शिडीताई तशीच उभी होती, तोंड उघडं.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"भोंगा नुसता बसलाय."

"त्याच्या आधीचं."

"मी हवा नाही. मी पण पेटीच आहे."

शिडीताई खाली उतरली. इतक्या हळू उतरताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वकीलबाईच्या पलंगाच्या कडेवर बसून तिनं त्या अकरा चिठ्ठ्या हातात घेतल्या. "तीन दिवस मी दोन्ही पेट्यांना प्रश्न विचारतेय," ती मला म्हणाली. "तबकड्यांना एकही विचारला नाही. त्यांना मी हवा धरलं. पण त्या पण पेट्याच आहेत, बाईआजी. हिरवी चिठ्ठी आली की आपल्यासाठीच आहे म्हणून ठेवून घेत असणार."

आणि शिडी तिथेच सोडून ती पळाली.

अर्ध्या तासानं परत आली तेव्हा केस वाऱ्यानं विस्कटलेले होते. तबकडीच्या सेटिंगच्या चौथ्या पानावर, अगदी तळाशी, एक छोटासा चौकोन होता: शेजारी पेट्यांच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा पुढे जाऊ द्याव्यात का? कारखान्यातून येतानाच तो रिकामा आलेला. दोन्ही छतांवर जाऊन तिनं तो भरला होता.

आता उरले नकोबा. ती त्यांच्याकडे निघाली तेव्हा मीही गेले. म्हाताऱ्या माणसासमोर लोक जरा कमी रागावतात.

"नको," ते म्हणाले.

"साहेब, मी अजून काही बोललेच नाही."

"हातात शिडी आहे, म्हणजे छतावर जायचंय. नको."

तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"मग असं करा," ते म्हणाले, "तो रस्ता सुटाच ठेवा. केबल तुटली की हातानं जोडा."

"आणि खणणाऱ्यांनी केबल परत जोडली की? ते काही मला विचारून जोडणार नाहीत. त्या क्षणी दोन्ही रस्ते चालू. म्हणजे परत शुक्रवार."

"मग जोडूच नका. आपण कागदावर काम करू. मी पळेन."

"औषधांचं होईल साहेब तसं. पण गुरुवारी अकराला केबल तुटली, तर सात नंबरच्या मुलीचं वर्ष कागदावर पळवता येणार नाही."

नकोबा खिडकीतून रस्त्यावरच्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या दहा वाजता. दहा ते अकरा औषधं नसतात. दोन्ही टोकांना माणूस हवा, हात तारेवर. दिवे पिसाळले की उपटायची. विचारत बसायचं नाही. इकडे मी असतो. तिकडे कोण?"

"मी," मी म्हटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मंगळवारी दहाला मी वॉर्डातल्या कपाटापुढे स्टुलावर बसले होते. समोर पेटी, दिव्यांची रांग, हातात नारिंगी पट्टी गुंडाळलेली तार. दुसऱ्या हातात पहारेकऱ्याकडून मागून आणलेला वॉकीटॉकी. पलीकडे कचेरीत शिडीताईनं एक कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखला होता, आणि ते घड्याळ वॉर्डातल्या मोठ्या स्क्रीनवर दिसत होतं. सेकंदकाटा सरकतोय तोवर रस्ता चालू.

"लावा, बाईआजी," ती म्हणाली.

मी तार लावली. शुक्रवारीही पहिलं अर्धं मिनिट सगळं ठीकच होतं, हे मला माहीत होतं. माझा अंगठा तारेच्या खटक्यावर. दिवा हिरवा झाला तर धोका. पिवळा राहिला तर पेटीनं दार लावून घेतलं. वीस झाले. तीस झाले. पस्तीस. दिवा पिवळा, शांत, मन लावून ऐकणाऱ्या मुलासारखा.

"पिवळा आहे," मी म्हटलं.

"आता मी केबल उपसते. मुलांना सांगा, मोजा."

सेकंदकाटा थांबला. सगळा वॉर्ड एका सुरात मोजू लागला. तीसच्या पुढे जाता जाता माझ्या समोरचा पिवळा दिवा हिरवा झाला, आणि स्क्रीनवरचा काटा उडी मारून चालू लागला. मुलांनी जो आरडाओरडा केला, त्यानं मोठ्या सिस्टर धावत आल्या.

केबल परत जोडली तेव्हाही तेवढाच वेळ काटा थांबला. हे असं का, ते शिडीताईनं मला नंतर सांगितलं. दार उघडायच्या आधी पेटी पंधरा सेकंद नुसती ऐकते. मग पंधरा सेकंद, कोण कुठे आहे ते शिकते. आणि त्यानंतरच बोलायला लागते. अशा शिस्तीची पेटी पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात एकही नव्हती. या पद्धतीला तिच्या धंद्यात स्पॅनिंग ट्री म्हणतात. मी ते नाव वहीत लिहून घेतलं. याहून झटपट पद्धतही असते म्हणे, पण आमची इकडची पेटी जुनी, तिला ती येत नाही.

सात वेळा झालं. सात वेळा तसंच. मग वॉकीटॉकीवर नकोबांचा आवाज आला, "सरका जरा. मी उपसतो." त्यांनी स्वतः तीन वेळा केबल उपसली आणि लावली. तिसऱ्या वेळी, मला खात्री आहे, नुसती हौस म्हणून. मग म्हणाले, "राहू द्या जोडलेलं." त्या वाक्यात 'नको' नव्हतं, हे मुलांनी लगेच हेरलं.

बुधवार नुसता धुळीत गेला. गुरुवारी अकराला पाच कमी असताना वकीलबाईनं केस विंचरून घेतले, पलंगाची पाठ सरळ करून घेतली आणि भोंग्याला सांगितलं, "तू श्वास पण हळू घे." स्क्रीनवर तिच्या वर्गशिक्षिका आल्या. आधी वाचन झालं, सुरेख. मग प्रश्न.

"सांग बघू, दुपारी आपली सावली लहान का होते?"

"कारण," वकीलबाई म्हणाली, "दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर—"

बाहेर खणणाऱ्या यंत्राचा आवाज एकदम थांबला. कुणीतरी ओरडलं. आणि स्क्रीनवर शिक्षिका गोठल्या, एक डोळा अर्धा मिटलेला.

"गेलं!" भोंगा म्हणाला.

वकीलबाईनं हात वर केला. "गप्प. मोजा."

मुलं कुजबुजत मोजू लागली. मी तिच्याकडे पाहत होते. तिची बोटं प्लास्टरच्या कडेत रुतली होती, नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. एकवीस. बावीस. मला उठून कपाटातल्या दिव्याकडे जावंसं वाटलं, पण जाऊन मी काय करणार होते? अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

काही नाही.

एकतीस. बत्तीस. तेहतीस, चौतीस. घाबरली की मुलं भरभर मोजतात, हे मला आठवायला हवं होतं. छत्तीसला शिक्षिकांचा डोळा उघडला.

"हॅलो? अगं, कुठे गेलीस?"

"इथेच आहे, बाई. रस्ता बदलत होता." तिनं एक खोल श्वास घेतला. "माझी तीस सेकंदं त्यात गेली. ती मला परत मिळाली पाहिजेत."

"दिली," शिक्षिका हसून म्हणाल्या. "आता सावलीचं सांग."

तिनं सावलीचं सांगितलं, आणि पुढचे तिन्ही प्रश्न.

त्या वेळी शिडीताई कुठे होती, ते मला नकोबांकडून कळलं. जुन्या इमारतीत मोठ्या पेटीसमोर, दोन्ही हात पाठीमागे बांधून. "मी ओरडत गेलो, अहो, तार तुटली! म्हणते, दिसलं साहेब. मी म्हटलं, मग धावा की! तर म्हणते, आता मी हात लावला तरच बिघडेल." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू पेटी त्यांनीच शिकवली. मला मात्र ते पाठीमागे बांधलेले हात सारखे आठवत राहिले. चाळीस मिनिटांचा तो शुक्रवार अजून ताजा असताना, आपण केलेल्या कामावर विसंबून हात न लावता उभं राहायचं, ही साधी गोष्ट नाही. वर्गात परीक्षेच्या वेळी मलाही ते कधी जमलं नाही; मी मुलांच्या मागून फेऱ्या घालायचे.

खणणाऱ्यांनी केबल परत जोडली ती दुपारी साडेतीनच्या सुमारास. कुणाला विचारलं नाही, कळवलं नाही. शिडीताईला ज्याची भीती होती, तो हाच क्षण. मी तेव्हा मुलांना गोष्ट वाचून दाखवत होते. मोठ्या सिस्टरनी औषधांच्या स्क्रीनकडे अर्धं मिनिट डोळे वटारून पाहिलं, मग तो चालू झाला आणि त्या कामाला लागल्या. आमच्या गोष्टीतला घोडा नदी पार करून गेला. बस, एवढंच घडलं. चार वाजता शिडीताई येऊन कपाटातला पिवळा दिवा पाहून गेली, आणि तिनं सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

शनिवारी शाळेचं पत्र आलं. वकीलबाई सहावीत. तिनं पत्र तीनदा वाचलं, त्यात एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि मग ते उशीखाली ठेवलं.

शिडीताई नोंदवही घेऊन तिच्या पलंगाशी आली. "हे बघ, लिहिलंय मी." शुक्रवारच्या नोंदीखाली नवीन ओळी होत्या: 'का, ते कळलं. छतावरच्या तबकड्यांना मी हवा धरलं होतं. त्या पेट्या आहेत. शोधणारी: पलंग सात.'

वकीलबाईनं वाचलं आणि भुवया चढवल्या. "पलंग सात? पुढच्या महिन्यात मी घरी जाणार. मग या पलंगावर दुसरं कुणी येईल आणि म्हणेल, मी शोधलं."

शिडीताईनं तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला. 'पलंग सात' वर एक सरळ रेघ मारली, आणि पुढे त्या सुट्या, बारीक अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग वही तिच्यापुढे धरली.

"तपासून घे."

वकीलबाईनं बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.